‘पाव खातच नाही मी, मॅडम’: सीलिअ‍ॅकचा एक रुग्ण आणि भुर्जीचा तवा

फाइल टेबलावर ठेवून, नीट बसायच्या आधीच त्यांनी सांगून टाकलं, ‘मॅडम, अंडं मला चालत नाही. ते सोडून काय खायचं ते लिहून द्या.’

वय 36. मूळचे सोलापूर जिल्ह्यातले, भोसरीच्या एमआयडीसीत मशीनवर कामाला. वजन 51 किलो, उंची साडेपाच फुटांच्या वर. वर्षभरापूर्वी सीलिअ‍ॅकचं निदान झालेलं. मी आहारतज्ज्ञ, पोटाच्या डॉक्टरांनी माझ्याकडे पाठवलं ते चिठ्ठीवर एक ओळ लिहून : ‘पथ्य पाळतो म्हणतात, टीटीजी उतरत नाही.’ टीटीजी म्हणजे या आजाराची रक्ततपासणी. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत, काही दुसऱ्या रुग्णांचे यात मिसळले आहेत. आजाराचं आणि स्वयंपाकघराचं गणित मात्र आहे तसंच आहे.)

सीलिअ‍ॅक म्हणजे गव्हाची अ‍ॅलर्जी नव्हे. गहू, जव आणि राय या धान्यांतलं ग्लुटेन नावाचं प्रथिन पोटात गेलं की शरीराची संरक्षण यंत्रणा स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. आतड्याच्या आतल्या बाजूला मखमलीसारखे बारीक उंचवटे असतात, अन्नरस शोषण्याचं काम त्यांचं. ते झिजून सपाट होतात. मग माणूस जेवतो पुष्कळ, पण अंगी काही लागत नाही. गव्हाचा हा दोष नेदरलँड्सचे बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी दाखवून दिला. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटच्या हिवाळ्यात, 1944–45 मध्ये, तिथे पाव मिळेनासा झाला. सगळा देश उपाशी असताना त्यांच्या वॉर्डातली ही मुलं मात्र सुधारली, आणि पाव परत आला तशी पुन्हा आजारी पडली. 1950 मध्ये त्यांनी यावर प्रबंध लिहिला. हे मी रुग्णांना मुद्दाम सांगते, कारण पुढच्या प्रकरणातही एक असाच पाव नसलेला महिना येतो. फक्त त्याचा अर्थ उलटा लावला गेला.

निदानापर्यंत

दोन वर्षं थकवा, जिना चढताना धाप, दिवसाला तीन-चार पातळ जुलाब, पोट फुगणं आणि सारखं तोंड येणं. हिमोग्लोबिन 9 च्या आसपास. लोहाच्या गोळ्या झाल्या, इंजेक्शनं झाली. थोडं चढायचं, पुन्हा उतरायचं. मूळव्याध असेल, जंत असतील, बाहेरचं खाता म्हणून होतं, सगळं ऐकून झालं. शेवटी एका डॉक्टरांनी विचारलं, कुठून रक्त जात नाही, तरी या माणसाचं लोह टिकत का नाही? टीटीजी-आयजीए ही रक्ततपासणी केली, ती मर्यादेच्या दहापटीपेक्षा जास्त. दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा काढून तपासला, मार्श 3, म्हणजे ते उंचवटे झिजलेले. महाराष्ट्रात हे निदान उशिरा होतं याचं एक कारण असं की हा आजार पंजाब-हरियाणाकडचा, गहू खाणाऱ्यांचा, अशी आपली समजूत. ज्वारीच्या मुलखातला माणूस शहरात येऊन चपातीवर कधी गेला, हे कोणी विचारत नाही.

त्यांचा गहू बंद झाला. घरच्यांनी मनापासून बंद केला, हे आधीच सांगते, नाहीतर पुढचं वाचून कुणी त्यांच्या बायकोला बोल लावायचं. गावाहून मालदांडी ज्वारीचं पोतं आलं, दोन्ही वेळ भाकरी. तीन महिन्यांत वजन चार किलोने वाढलं, जुलाब थांबले. आणि तिथेच गाडी अडली. सहा महिन्यांनी टीटीजी मर्यादेच्या पाचपट, वर्षाने तिप्पट. उतरतंय, पण इतकं सावकाश की डॉक्टरांना शंका यावी. पोट अधूनमधून बिघडतंच. वजन वाढलेलं पुन्हा घटलं.

अंड्यावर आळ कसा आला

निदानानंतर डॉक्टरांनी सांगितलं होतं, अंडी खा, प्रथिनं मिळतील. सुधारणा दिसल्यावर त्यांनी कारखान्याच्या वळणावरची जुनी भुर्जीची गाडी पुन्हा धरली. आठवड्यातून तीनदा, दुसरी पाळी सुटल्यावर. थोड्याच दिवसांत लक्षात आलं, भुर्जी खाल्ली की दुसऱ्या दिवशी पोट गेलंच.

मग श्रावण आला. घरात श्रावणात अंडं-मटण नाही. सोमवार आणि शनिवार उपास. महिनाभर पोट इतकं शांत, की त्यांनी स्वतःच निकाल देऊन टाकला. गणपती उठले, पुन्हा गाडीवर गेले, पुन्हा जुलाब. आई म्हणाल्या, ‘मी सांगत नव्हते, अंडं उष्ण असतं!’ आणि भाच्याने एक व्हिडिओ पाठवला. त्यात ‘ऑटोइम्यून’, म्हणजे शरीराची संरक्षण यंत्रणा स्वतःवरच उलटते अशा, आजारांसाठीच्या एका परदेशी आहारपद्धतीत अंडी वर्ज्य असल्याचं सांगितलं होतं. त्या पद्धतीत अंडी सुरुवातीला बंद करतात आणि नंतर एकेक पदार्थ परत आणून बघतात. व्हिडिओत पहिला अर्धाच भाग होता. ऐकणाऱ्यांच्याही तेवढाच लक्षात राहतो.

शिक्कामोर्तब केलं एका तपासणीने. कुणीतरी सुचवलं म्हणून त्यांनी काही हजार रुपये भरून रक्तातून ‘कुठलं अन्न मानवतं’ ते बघणारी आयजीजीची चाचणी केली. रिपोर्ट रंगीत. अंडं लाल, दूध लाल आणि गहू पिवळा. पिवळा म्हणजे ‘आठवड्यातून एखाद वेळ चालेल’! तो कागद हातात घेऊन मी थोडा वेळ गप्प बसले. आतड्याच्या तुकड्याने ज्याचा गहू जन्मभरासाठी बंद केलाय, त्याला हा कागद आठवड्याला एक चपाती मंजूर करत होता. आयजीजी हे रक्तातलं एक प्रतिद्रव्य, बहुतांशी आपण काय खात आलो त्याची शरीरातली नोंद असते. अंडी खाल्ली, अंड्याचं आयजीजी दिसलं. युरोप-अमेरिकेतल्या अ‍ॅलर्जीतज्ज्ञांच्या संघटनांनी अन्न मानवत नाही हे ठरवायला ही चाचणी वापरू नका असं स्पष्ट सांगितलेलं आहे. खरी अंड्याची अ‍ॅलर्जी वेगळी. ती बहुधा काही मिनिटांत, फार तर दोन-एक तासांत अंगावर गांधी, ओठांना सूज, उलटी अशी दिसते. यांना त्यातलं कधी काहीच झालं नव्हतं.

तर अंडी बंद, दूध बंद. मी त्यांच्या ताटाचा हिशेब मांडला : तीन भाकऱ्या, वाटीभर आमटी, थोडा भात, भाजी, शेंगदाण्याची चटणी. दिवसाला प्रथिनं जेमतेम 35 ग्रॅम. निरोगी माणसालासुद्धा किलोमागे 0.83 ग्रॅम लागतात, म्हणजे 51 किलोला 42. झिजलेलं आतडं भरून काढणाऱ्याला त्याहून जास्त. दोन अंड्यांत साधारण 12 ग्रॅम येतात, शिवाय बी-12 आणि थोडं ड जीवनसत्त्व, ज्यांची सीलिअ‍ॅकच्या रुग्णाला चणचण असतेच. आणि हे पंधरा-सोळा रुपयांत. (लोहासाठी मात्र अंड्याचा फार भरवसा धरू नये. बलकात लोह असतं, पण ते तिथल्याच एका प्रथिनाला असं घट्ट धरून बसलेलं असतं की शरीराला फारसं मिळत नाही.) दुधाचा प्रश्न तात्पुरता होता. आतडं झिजलं की दुधातली साखर पचवणारं विकर कमी होतं, आतडं भरत आलं की बहुतेकांचं दूध परत सुरू होतं. पण तोवर, दूध चालत नाही अशा दिवसांत, अंडंही काढून घेणं मला पटेना.

मला मुळात खटकलं ते वेगळंच. अंड्याने एखाद्याचं पोट बिघडू शकतं. अंड्याने टीटीजी चढं राहू शकत नाही. त्याला ग्लुटेनच लागतं.

‘गाडीवर भुर्जीबरोबर काय खायचात?’

‘पाव खातच नाही मी, मॅडम. डब्यातली भाकरी नेतो. विचारा हवं तर त्यांना.’

गाडी

विचारण्यापेक्षा बघावं म्हणून एका संध्याकाळी मी त्यांच्याबरोबर गाडीवर गेले. माझ्या कामात हे बसत नाही, पण वीस मिनिटं तिथे उभं राहून जे कळलं ते दहा भेटींत कळलं नसतं.

मधोमध मोठा लोखंडी तवा, बत्तीसारखा पेटलेला गॅस. गाडीवाले दादा हाताला चपळ. लादीतून पावाची जोडी तोडायची, सुरीने आडवी चिरायची, तव्यावर तेल-बटर सोडून दोन्ही अंगांनी दाबून भाजायची. त्याच सुरीने, त्याच पाटावर कांदा आणि मिरची. पाव उचलला की तव्यावर तपकिरी चुरा उरतो. तो उलथन्याने कडेला सारायचा आणि मधल्या जागेत कांदा टाकून वर अंडी फोडायची. भुर्जी होत आली की उलथनं तव्याच्या कडेवरून फिरतं, कडेचं सगळं खरवडून आत घेतं. गिऱ्हाइकांना तेच आवडतं, खरपूस लागतं. ताटली एका ओल्या फडक्याने पुसून पुढच्याला. मी मोजत होते. त्यांची ‘बिनपावाची’ भुर्जी तव्यावर पडली असती त्याआधी चौदा पाव भाजून झाले होते.

एका लादीपावात ढोबळमानाने दोन ग्रॅम ग्लुटेन धरा. रोज 50 मिलिग्रॅम ग्लुटेन तीन महिने दिलं तर सीलिअ‍ॅकच्या रुग्णाचं आतडं पुन्हा झिजतं, असं अभ्यासात दिसलेलं आहे. म्हणजे पावाचा चाळिसावा भाग. रोज 10 मिलिग्रॅमच्या आत राहिलं तर बहुतेकांना इजा होत नाही. आपल्याकडे ‘ग्लुटेनमुक्त’ असं पाकिटावर लिहायचं तर किलोमागे 20 मिलिग्रॅमच्या आत राहावं लागतं. एवढ्या बारीक मापाच्या आजाराला तव्याच्या कडेचा चिमूटभर चुरा म्हणजे पुष्कळच झाला.

आता श्रावणाकडे परत बघा. अंडं गेलं हे खरं, पण अंड्याबरोबर गाडीही गेली. उपासाला काय खाल्लं? साबुदाणा, भगर, राजगिरा, शेंगदाणे, बटाटा. यात ग्लुटेन औषधालाही नाही. फोडणी जिऱ्याची. उपासाला त्यांच्याकडे हिंग वापरत नाहीत, त्याचंही महत्त्व पुढे कळेल. श्रावण हा त्यांचा वर्षातला सगळ्यात कडक ग्लुटेनमुक्त महिना होता, आणि श्रेय मिळालं अंडं सोडल्याला. चोर सोडून संन्याशाला फाशी, ती अशी.

घरातलं

गाडी तर दोन महिन्यांपासून बंद होती. पोट बरंच सुधारलं होतं, पण पूर्ण नाही. म्हणजे अजून कुठून तरी येत होतं. त्यांच्या पत्नीला मी दोन आठवड्यांची वही लिहायला सांगितली. बाईंनी इतकी चोख लिहिली की डॉक्टरांची चिठ्ठी लाजावी. ‘मंगळ., सकाळी 9 : भाकरी (गिरणीचं नवं दळण), शेपू. दुपारी 4 : पोट गच्च.’ कंसातले हे तीन शब्द त्यांनी सहज लिहिले होते.

सोसायटीखालच्या गिरणीत गव्हाचं आणि ज्वारी-बाजरीचं जातं वेगळं होतं, म्हणून घरचे निश्चिंत. पण दळणाचे डबे भरायचं सूप एकच, झटकायचा कुंचा एकच, आणि गिरणीवाल्याच्या भुवयांपासून पंख्याच्या पात्यांपर्यंत गव्हाचं पीठ बसलेलं. गर्दी असली की बाजरीच्या जात्यावरही गहू जायचा, हे त्याने स्वतःच हसत सांगितलं. त्याला बिचाऱ्याला काय माहीत! दुसरी गोष्ट चपातीचा तवा. मुलांच्या चपात्या आणि यांचं घरचं आम्लेट एकाच तव्यावर. चपातीची पिठी तव्यावर जळून काळी झालेली असते, ती कुणाला पीठ वाटतच नाही. म्हणून ‘घरचं अंडंसुद्धा बाधतं’ हा अनुभवही खरा होता.

आणि हिंग. बाजारातला बांधानी हिंग म्हणजे थोडा हिंग, बाकी खाण्याचा डिंक आणि पीठ. ते पीठ कुठे तांदळाचं असतं, कुठे गव्हाचं. यांच्या डबीवर बारीक अक्षरात मैदा लिहिलेला होता. एका चिमटीचा हिशेब केला तर आकडा मोठा येत नाही, त्यामुळे सगळं खापर हिंगावर फोडायला मी तयार नाही. पण रोज दोन वेळच्या आमटी-भाजीत, आणि गिरणीच्या भरीला, ते नको होतं.

उपाय खर्चाचे वाटतात तेवढे नव्हते. जुनी घरघंटी साडूंकडून आली. तिच्यात गहू कधीच दळायचा नाही, दळण्याआधी चाळण बदलून किलोभर तांदूळ फिरवून काढला. अंड्यासाठी एक छोटी कढई आणि लाकडी उलथनं वेगळं, लाल धागा बांधून खिळ्याला टांगलेलं. हिंग तांदळाच्या पिठाचा. भाजणी विकतची बंद, तिच्यात बहुधा गहू असतो, घरी ज्वारी, तांदूळ आणि डाळींची करायची. आईंना मात्र एक शंका होती, ती मला मोलाची वाटली : ‘कोंबडीच गहू खात असली तर?’ कोंबडी खाल्लेला गहू पचवते, ग्लुटेन अंड्यात उतरत नाही. शिवाय पोल्ट्रीच्या कोंबड्यांचं खाद्य मुख्यतः मका आणि सोयाबीनचं. गावरान कोंबडीने उकिरड्यावरची चपाती टिपली तरी अंड्याला दोष नाही.

उकडलेली दोन अंडी

सहा आठवडे हे बदल अंगवळणी पडू दिले. पोट शांत झाल्यावरच अंडं परत आणायचं, नाहीतर बिघडलं कशाने हे पुन्हा कळणार नाही. पहिले तीन दिवस रोज दोन उकडलेली अंडी, वर फक्त मीठ. मिरपूडसुद्धा नाही. त्यांनी पहिल्या दिवशी फोन केला, ‘मॅडम, गॅस होतोय, वास येतोय.’ होणार. अंड्यातल्या प्रथिनांत गंधक असतो, आतड्यातले जंतू त्याचा वायू करतात, अंडं न मानवण्याचा तो पुरावा नाही. पोट दुखलं का? नाही. जुलाब? नाही. मग चालू द्या. तिसऱ्या दिवशी फोन आला नाही.

पुढचा टप्पा घरच्या कढईतली भुर्जी. तेल, हळद, मिरची, मीठ, कोथिंबीर, कांदा नाही. काहीच झालं नाही. मग कांदा घातला आणि पोट फुगलं. इथे आईंचा चेहरा पुन्हा खुलला असावा. पण हा दोष कांद्याचा होता. कांद्यात फ्रुक्टन नावाची शर्करेची साखळी असते, ती आपल्याला पचत नाही, आतड्यातले जंतू ती आंबवतात. नाजूक पोटाला ती जास्त जाणवते. आतड्याला इजा नाही, त्रास मात्र खरा. कांदा कमी करून कांद्याच्या पातीचा हिरवा भाग घातला, भागलं. गाडीवरच्या भुर्जीत निम्मा कांदाच असतो हे तेव्हा आठवलं. म्हणजे त्या ताटलीत दोन गुन्हेगार होते आणि तिसऱ्याच्याच नावाने पावती फाटत होती.

गाडीवरची भुर्जी पुन्हा खाऊन खात्री करू, असं त्यांनी एकदा सुचवलं. मी साफ नकार दिला. पोटाचं गाऱ्हाणं आणि आतड्याची झीज नेहमी जोडीने चालत नाहीत. एखाद्याला काही होत नाही आणि आत मात्र झिजत असतं. म्हणूनच ‘मला काही झालं नाही’ या वाक्यावर या आजारात फार विसंबता येत नाही.

सहा महिन्यांनी टीटीजी मर्यादेच्या थोडंच वर आलं. वर्षाने मर्यादेत. हिमोग्लोबिन 13.4, लोहाच्या गोळ्या डॉक्टरांनी थांबवल्या. वजन 58. रोज दोन अंडी, ताकापासून सुरुवात करून दूधही परत आलं.

अल्सरेटिव्ह कोलायटिस किंवा क्रोन्स या आतड्याला सूज आणणाऱ्या दुसऱ्या आजारांच्या रुग्णांनी हे प्रकरण जसंच्या तसं उचलू नये. तिथे ग्लुटेन हा गुन्हेगार ठरलेला नाही, हिशेबच वेगळा. रोगप्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतील तर अर्धकच्चं अंडं टाळावं, हाफ फ्राय नको, बलक घट्ट होईतो शिजवलेलं हवं. अंडं बंद करायचं की नाही हे तिथेही एकेकाच्या वहीवरूनच ठरतं.

परवा ते मुलीच्या शाळेच्या सुट्टीत सहज भेटायला आले. बोलता बोलता कळलं, गाडीवर पुन्हा जातात. छोटी कढई आणि उलथनं पिशवीतून नेतात. दादा बाजूच्या बर्नरवर त्यांची भुर्जी वेगळी करून देतात, अंडी तेच फोडतात, हात धुऊन, कांदा नाही. नऊ वर्षांची ओळख, पाळी सुटल्यावरची ती पंधरा मिनिटं, मित्र तिथेच उभे असतात. मी म्हटलं, पाव त्याच हाताने, त्याच गाडीवर, वारा सुटला की चुरा उडतोच. नका जाऊ. ते मान हलवत राहिले. पुढची टीटीजी मार्चमध्ये आहे.

निघताना दारातून वळून म्हणाले, ‘दादांनी त्या कढईला आमचं नाव घातलंय, मॅडम. ठोकून.’